चंद्रावर कायमचा तळ: कायदा करून तो उभा राहील का?

मृगशीर्ष

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी अंतराळ धोरणाचा एक आदेश काढला. २०२८ पर्यंत माणसं पुन्हा चंद्रावर उतरवायची आणि २०३० पर्यंत तिथल्या कायमच्या तळाचे पहिले भाग उभे करायचे, असं त्यात लिहिलं आहे. वाचून मनापासून आनंद झाला, आणि पाठोपाठ धाकधूकही सुरू झाली. कारण हे सगळं आधी होऊन गेलंय.

१९८९ साली, अपोलो ११ ला वीस वर्षं झाली त्या दिवशी थोरल्या बुशांनी चंद्रावर परत जायची आणि या वेळी तिथेच राहायची घोषणा केली. काही वर्षांत ती योजना विझली. २००४ मध्ये धाकट्या बुशांनी तेच पुन्हा सांगितलं, त्यातून कॉन्स्टेलेशन कार्यक्रम निघाला. फेब्रुवारी २०१० मध्ये ओबामांच्या अर्थसंकल्पाने तो बंद करायला घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या निर्देशाने चंद्र पुन्हा यादीत आला. शेवटचा माणूस चंद्रावरून निघाला तो डिसेंबर १९७२ मध्ये, आणि त्यानंतरची सगळी वर्षं या उलटसुलट सह्यांमध्ये गेली.

माझं मत असं: जे एका सहीने येतं ते दुसऱ्या सहीने जातं. तळ उभारायला पंधरावीस वर्षं लागणार असतील तर राष्ट्राध्यक्षाच्या आदेशावर विसंबून चालणार नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, रीतसर कायदा करून तळाचं उद्दिष्ट, मुदत आणि पैसा बांधून टाकला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? असा कायदा खरोखर उपयोगी पडेल का, आणि त्यात काय असावं?

शुक्रतारा

+१. वाचतेय. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

कलम_बहाद्दर

मृगशीर्ष, चांगला विषय काढलात. पण असा कायदा आधीच झालेला आहे, आणि एकदा नव्हे, दोनदा.

डिसेंबर २००५ च्या नासा ऑथरायझेशन कायद्यात काँग्रेसने नासाला स्पष्ट सांगितलं की चंद्रावर माणसाचा टिकाऊ वावर निर्माण करायचा कार्यक्रम हाती घ्या. २०२० पर्यंत परत जायचं हेही त्यातच. तेव्हा सभागृहात रिपब्लिकनांचं बहुमत होतं. मग २००८ मध्ये डेमोक्रॅटांच्या बहुमताच्या काँग्रेसने पुढचा कायदा केला आणि तोच रस्ता कायम ठेवला. त्या कायद्याचं ४०४ क्रमांकाचं कलम मुद्दाम वाचा. तळाच्या अमेरिकी भागाला 'नील ए. आर्मस्ट्राँग लूनर आउटपोस्ट' हे नावसुद्धा त्यात देऊन ठेवलंय. म्हणजे तळाचं बारसं कायद्याने झालं, दोन्ही पक्षांच्या संमतीने झालं.

आणि दोनच वर्षांत, ऑक्टोबर २०१० मध्ये, तिसरा कायदा आला. त्याने कॉन्स्टेलेशनच्या जागी एसएलएस नावाचं नवं रॉकेट बांधायला सांगितलं, आणि तळ मागे पडला.

एका काँग्रेसला पुढच्या काँग्रेसचे हात बांधता येत नाहीत. कायदा मोडायला नवा कायदा पुरतो. राष्ट्राध्यक्षाच्या सहीपेक्षा हे अवघड आहे हे खरं, पण अशक्य मुळीच नाही. तेव्हा 'कायदा केला की बांधून टाकलं' हे गृहीतक आधी बाजूला ठेवूया. प्रश्न असा विचारायला हवा की कोणत्या प्रकारचं कलम मोडायला जड जातं.

मृगशीर्ष

कलम_बहाद्दर, हा प्रतिसाद म्हणजे मेजवानी आहे. पण मग मला कळत नाही की २००५ आणि २००८ चे कायदे इतके स्पष्ट असताना गाडी अडली कुठे? पैशावर?

जमाखर्च

हो, पैशावरच. मी आयुष्यभर सरकारी प्रकल्पांच्या हिशेबात काम केलंय, म्हणून यावर थोडं लांबलचक लिहितो.

अमेरिकेत दोन वेगळे कायदे असतात. ऑथरायझेशनचा कायदा सांगतो की काय करायचं आणि त्यासाठी जास्तीत जास्त किती खर्च चालेल. त्याने तिजोरीतून एक डॉलरही निघत नाही. डॉलर निघतो तो अ‍ॅप्रोप्रिएशनच्या कायद्याने, आणि तो दरवर्षी नव्याने करावा लागतो. दोन्हींच्या समित्या वेगळ्या, माणसं वेगळी, भांडणं वेगळी. पहिली समिती चंद्रावर तळ बांधा म्हणते. दुसरी म्हणते, बघू, यंदा इतकेच आहेत.

१९८९ च्या घोषणेचं हेच झालं. नासाने नव्वद दिवसांत अभ्यास करून अहवाल दिला, त्यातून वीसतीस वर्षांचा खर्च सुमारे ५०० अब्ज डॉलर निघाला. तो आकडा ऐकल्यावर काँग्रेसने पाकीट उघडलंच नाही. कॉन्स्टेलेशनबद्दल २००९ मध्ये सरकारने नेमलेल्या ऑगस्टीन समितीने तपासणी केली तेव्हा निष्कर्ष असा होता की ठरलेलं काम करायचं तर वर्षाला अंदाजे ३ अब्ज डॉलर जास्त लागतील. उद्दिष्ट कायद्यात होतं, पैसे त्या मापाचे कधी मिळाले नव्हते.

उलटी गंमतही याच काळातली. डिसेंबर २००९ च्या अ‍ॅप्रोप्रिएशन कायद्यात एक वाक्य होतं की कॉन्स्टेलेशन बंद करायला यातला पैसा वापरायचा नाही. पुढच्या वर्षी नवा अर्थसंकल्प वेळेत झाला नाही, जुनाच तात्पुरता वाढवत नेला, आणि ते वाक्यही सोबत वाढत गेलं. परिणाम असा की ऑक्टोबर २०१० मध्ये दिशा बदलल्यावरही एप्रिल २०११ पर्यंत नासाला जुन्या कार्यक्रमावर खर्च करत राहावं लागलं. ज्या कायद्यात चंद्राची स्वप्नं होती तो हरला, आणि पैशाच्या कायद्यातली एक ओळ जिंकली. ताकद कुठे असते ते यावरून समजून घ्या.

नीलमोहर

जमाखर्च, मग अंतराळ स्थानक कसं वाचलं? तेही महागच होतं ना? दरवर्षी पैसे मागावे लागत होतेच.

जमाखर्च

नीलमोहर, उत्तम प्रश्न. ते वाचलं एका मताने. २३ जून १९९३ ला प्रतिनिधीगृहात स्थानक रद्द करायची सूचना २१५ विरुद्ध २१६ अशी फेटाळली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात टेक्ससमधला सुपर कोलायडर (कणांची टक्कर घडवणारं प्रचंड प्रयोगयंत्र) मात्र रद्द झाला. तेवीसेक किलोमीटरचा बोगदा खणून झाला होता, सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाले होते, तरी बंद.

नीलमोहर

एका मताने!! अंगावर काटा आला.

रेगोलिथ

मी यंत्र अभियंता, त्यामुळे माझा कल जरा वेगळा. मृगशीर्ष, कायद्यात मुदत घालायला माझा ठाम विरोध आहे.

२०१० च्या कायद्यात एसएलएससाठी लिहिलं होतं की ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत ते वापरायच्या स्थितीत असावं. पहिलं उड्डाण झालं १६ नोव्हेंबर २०२२ ला. जवळजवळ सहा वर्षं उशीर. त्या तारखेने इंजिन लवकर तयार झालं नाही, टाकी लवकर जोडली गेली नाही. शिवाय त्याच कायद्याने स्पेस शटल या जुन्या यानाचे ठेके आणि शटलचे भाग जमेल तिथे पुढे वापरा असंही सांगितलं होतं. म्हणजे यंत्राची रचनासुद्धा खासदारांनी ठरवली. नोकऱ्या टिकाव्यात हा हेतू मी समजू शकतो, पण रॉकेट कसं असावं हे कायद्यात लिहायचं नसतं.

आता तळाचं. चंद्रावर बहुतेक ठिकाणी रात्र आपल्या चौदा दिवसांची असते. विषुववृत्तावर दुपारी १२० अंश सेल्सिअस, रात्री उणे १७० च्या आसपास. बॅटरीवर चौदा दिवस काढायचे तर बॅटरीच इतकी जड होते की ती पोचवणं हेच वेगळं अभियान होऊन बसेल. म्हणून सगळ्यांचा डोळा दक्षिण ध्रुवावर आहे. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे शॅकल्टनसारख्या विवराच्या काठावरच्या काही उंच जागांवर वर्षातला बराच काळ ऊन असतं. ते विवर सुमारे २१ किलोमीटर रुंद आणि ४ किलोमीटर खोल, तळाशी सूर्य कधीच पोचत नाही, आणि तिथे बर्फ असण्याची शक्यता आहे. तरीही काठावरसुद्धा अंधाराचे काही दिवस येतातच. म्हणून छोट्या अणुभट्टीची चर्चा. २०१८ मध्ये नेवाडात १ किलोवॉटच्या प्रायोगिक भट्टीची चाचणी यशस्वी झाली. तळाला लागणार किमान त्याच्या चाळीसपट. या मधल्या अंतराला किती वर्षं लागतील ते चाचण्या ठरवतील, सभागृह नाही.

आणि आता ज्या ४०४ कलमाचा उल्लेख झाला त्याबद्दल. नाव सगळ्यांना आवडतं, पण त्याच कलमातली दुसरी अट मला सोन्यासारखी वाटते. तळ चालू राहायला माणसं कायम तिथे असलीच पाहिजेत अशी योजना करू नका, असं त्यात नासाला बजावलंय. माणसं नसताना दीर्घकाळ दुरून किंवा आपोआप चालेल असाच तळ हवा. ज्याने हे लिहिलं त्याला अभियांत्रिकी कळत होती आणि अर्थसंकल्पही कळत होता. एखाद्या वर्षी पैसे आटले, रॉकेट जमिनीवर अडकलं, तरी तळ मरत नाही. कायद्यात अशा अटी असाव्यात, तारखा नकोत.

टिवल्याबावल्या

चौदा दिवसांची रात्र असलेल्या ठिकाणी 'उद्या सकाळी बघू' म्हणणाऱ्या माणसाची नेमणूक करू नये, असं एक कलम माझ्यातर्फे घाला :)

शुक्रतारा

:)) अनुमोदन.

कलम_बहाद्दर

रेगोलिथ, अटींबद्दल शंभर टक्के सहमत, मुदतीबद्दल नाही. कायद्यातली मुदत यंत्रासाठी नसते, जाब विचारण्यासाठी असते. २०१६ ही तारीख लिहिलेली होती म्हणून तर दर सुनावणीत 'का उशीर झाला' असं विचारता आलं, लेखापरीक्षकांना अहवाल लिहिता आले. तारीखच नसती तर उशीर मोजला कशाने असता?

रेगोलिथ

टप्प्यांची तारीख चालेल, शेवटाची नको. 'अमुक सालापर्यंत भट्टीची पूर्ण शक्तीवर जमिनीवरची चाचणी', इथपर्यंत मी येतो. 'अमुक सालापर्यंत तळ', इथे नाही. शेवटाची तारीख जवळ आली की चाचण्या कापल्या जातात, आणि चंद्रावर राहणाऱ्यांचे जीव त्या चाचण्यांवर असतात.

भूमिपुत्र_९

सगळे इतक्या उत्साहात आहेत, पण मूळ प्रश्न कुणीच विचारत नाहीये. माणसं पाठवायचीच कशाला? चीनच्या चांग-ए ६ ने जून २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १९३५ ग्रॅम माती आणली, एकही माणूस न पाठवता. यंत्रं स्वस्त, जिवाचा धोका नाही. तळ कायद्याने बांधून घेतला तर पुढची पन्नास वर्षं विज्ञानाचा पैसा तिकडे वळेल, दुर्बिणी आणि ग्रहांच्या मोहिमा कोरड्या पडतील. मला असा कायदा नकोच.

मृगशीर्ष

भूमिपुत्र, मुद्दा रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पण अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. नुसतं वजन सोडा. अपोलो १७ वर हॅरिसन श्मिट हा प्रशिक्षित भूवैज्ञानिक होता, आणि नारिंगी माती त्याच्या नजरेला पडली. ती निघाली अब्जावधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या काचेच्या बारीक मण्यांची. काय वेगळं दिसतंय हे तिथल्या तिथे ओळखून हातातलं काम बदलणारा माणूस मला अजून तरी मोलाचा वाटतो. आणि तो तीन दिवसांऐवजी सहा महिने तिथे राहिला तर? या विचाराने मला झोप लागत नाही, खरं सांगतो.

भूमिपुत्र_९

श्मिट यांच्याबद्दल आदर आहेच. तरी पैशाचा प्रश्न राहतो. १९६६ मध्ये नासाला केंद्रीय खर्चाच्या साधारण साडेचार टक्के मिळत होते, आता अर्धा टक्काही नाही. त्या अर्ध्या टक्क्यात तळ आणि विज्ञान दोन्ही कसं बसवणार? कायदा करायचाच असेल तर विज्ञान मोहिमांचा पैसा तळाकडे वळवता येणार नाही, असं कलम आधी हवं.

जमाखर्च

भूमिपुत्र यांची मागणी मला पटते. अवघड आहे, पण मागण्यासारखी आहे. नाहीतर तळाचा खर्च वाढला की सगळ्यात आधी विज्ञानाच्या ताटातलं काढलं जातं, कारण तिथे आवाज करणारे ठेकेदार कमी.

एक ताजं उदाहरण नोंदवून ठेवतो. २०२५ च्या वसंतात सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात गेटवे हे चंद्राभोवतीचं स्थानक बंद करायचं आणि आर्टेमिस ३ (चंद्रावर परत जायच्या सध्याच्या कार्यक्रमातलं तिसरं उड्डाण) नंतर एसएलएस संपवायचं, असं होतं. जुलै २०२५ च्या मोठ्या कर-खर्च कायद्यात काँग्रेसने उलट गेटवेला २.६ अब्ज आणि एसएलएसला ४.१ अब्ज डॉलर थेट देऊन टाकले. पुढे कार्यक्रमाचं काहीही होवो, त्या घडीला राष्ट्राध्यक्षाच्या प्रस्तावाला अडवलं ते पैशाच्या कायद्यानेच. उद्दिष्टांच्या कायद्याने नाही.

ध्रुवीय

या धाग्यावर अंटार्क्टिका अजून कसं आलं नाही?

दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट केंद्र नोव्हेंबर १९५६ पासून अखंड वसलेलं आहे. अंटार्क्टिक करार झाला डिसेंबर १९५९ मध्ये. म्हणजे केंद्र आधी, करार नंतर. भारताचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, १९८३ च्या मोहिमेत उभं राहिलं. त्याच वर्षी आपण करारात सामील झालो. आपला देशांतर्गत अंटार्क्टिक कायदा मात्र आला २०२२ मध्ये. तोवर दक्षिण गंगोत्री बर्फात गाडलं जाऊन सोडावं लागलं होतं, मैत्री उभं राहून तिशी ओलांडून गेलं होतं, आणि भारती चालू झालं होतं. जवळजवळ चाळीस वर्षं आपली माणसं स्वतंत्र कायद्याशिवाय तिथे राहिली, हिवाळे काढले, संशोधन केलं.

तेव्हा माझं म्हणणं मृगशीर्ष यांच्या नेमकं उलट आहे. तळ आधी उभा राहतो, कायदा त्याच्या मागून येतो. तळ टिकवतात ते दरवर्षी रसद पोचवणारे लोक आणि एकमेकांच्या अडचणीला धावणारी शेजारची केंद्रं.

कलम_बहाद्दर

ध्रुवीय, सुंदर प्रतिसाद. तरी दोन फरक आहेत.

पहिला, अंटार्क्टिकावर सरकारी केंद्रं होती. चंद्रावर बरंचसं काम खासगी कंपन्या करणार आहेत. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी कामांनाही आपापल्या सरकारची परवानगी आणि सततची देखरेख लागते. आता अमेरिकेत बघा. उड्डाण आणि परतीचा प्रवास एफएए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) बघते. रेडिओलहरी एफसीसी (दळणवळण आयोग) बघते. पृथ्वीची छायाचित्रं घ्यायची असतील तर नोआ (हवामान-समुद्राचं खातं). पण चंद्राच्या जमिनीवर उतरल्यानंतर खासगी कंपनी काय करते यावर देखरेख कुणी ठेवायची, हे कुठल्याही कायद्यात नीट सांगितलेलं नाही. २०१६ मध्ये मून एक्स्प्रेस कंपनीला परवानगी दिली तेव्हा एफएएने उड्डाणापूर्वीच्या तपासणीतच ते कसंबसं बसवलं. तिथे माणसं राहायला लागल्यावर हे पुरणार नाही.

दुसरा फरक खनिजांचा. अंटार्क्टिकावर १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने (अंटार्क्टिक कराराच्या जोडकराराने) खाणकाम बंद केलं. चंद्राबाबत वारं उलट वाहतंय. २०१५ च्या अमेरिकी कायद्याने नागरिकांना अवकाशातून काढलेल्या साधनांवर मालकी दिली. मग लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती, जपान यांनीही तसे कायदे केले. जमीन कुणाची नाही, हे १९६७ च्या कराराचं दुसरं कलम सांगतं. जमिनीतून काढलेला बर्फ काढणाऱ्याचा, असं हे नवे कायदे सांगतात. आता काठावर एक तळ, खाली अंधारात बर्फ, आणि शेजारी दुसऱ्या देशाचा तळ. इथे कायदा मागून येऊन चालेल?

सावली

शेजारावरून आठवलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ चं यान सर्व्हेयर ३ या आधीच पोचलेल्या मानवरहित यानापासून साधारण १६० मीटरवर उतरलं होतं. अंतराळवीरांनी सर्व्हेयरचे काही भाग काढून आणले, तर त्यांवर उतरताना उडालेल्या धुळीने खरडल्याच्या खुणा होत्या. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे कणाला अडवायला काहीच नाही. एवढ्याशा यानाने हे केलं. आता जी मोठाली यानं उतरणार आहेत त्यांची धूळ शेजारच्या तळाच्या सौरपट्ट्यांवर आणि खिडक्यांवर काय करेल याचा विचार करा.

म्हणून मला डिसेंबर २०२० चा एक छोटा कायदा फार आवडतो. नासासोबत काम करणाऱ्यांनी अपोलोच्या जागांची काळजी घेतलीच पाहिजे, असं तो सांगतो. पावलांचे ठसे जपणारा कायदा! तळाच्या कायद्यात उतरण्याची जागा तळापासून किती दूर असावी आणि मध्ये बांध घालायचा का, हे आलंच पाहिजे.

रेगोलिथ

सावली, अगदी बरोबर. धुळीबद्दल अजून एक. श्मिट यांना चंद्राच्या धुळीने शिंका आणि नाक चोंदण्याचा त्रास झाला होता. तिथे वारा-पाणी नसल्याने कणांच्या कडा झिजत नाहीत, धारदार राहतात. महिनोन्महिने राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांचं काय? खासगी यानांतल्या माणसांच्या सुरक्षिततेचे नियम करायला एफएएला काँग्रेसनेच १ जानेवारी २०२८ पर्यंत मनाई करून ठेवली आहे. उद्योग नवा आहे, शिकू द्या, म्हणून. काही मिनिटांच्या सहलींसाठी ते समजू शकतो. तळावर सहा महिने राहणाऱ्या कामगारासाठी ते अजिबात चालणार नाही.

चंद्रकोर

थोडं अवांतर, पण विचारते. आपण यात कुठे आहोत? चांद्रयान १ वरच्या नासाच्या उपकरणाने पाण्याच्या खुणा दाखवल्या, चांद्रयान ३ ऑगस्ट २०२३ मध्ये ६९ अंश दक्षिणेला उतरलं. अमेरिकेच्या कायद्यात काय असावं याच्याशी आपला काही संबंध येतो का?

कलम_बहाद्दर

चंद्रकोर, येतो. भारताने जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारांवर सही केली. त्यात खनिजं काढणं म्हणजे जमीन बळकावणं नव्हे असं म्हटलंय, आणि एकमेकांच्या कामात अडथळा येऊ नये म्हणून सुरक्षित क्षेत्रं आखायची तरतूदही आहे. दुसरीकडे १९७९ च्या चंद्र करारावर आपण १९८२ मध्ये सही केली होती, पण त्याला मंजुरी कधी दिली नाही. तो करार चंद्राच्या साधनांना साऱ्या मानवजातीचा वारसा म्हणतो. तेव्हा सुरक्षित क्षेत्र नेमकं किती मोठं, हे अमेरिका आपल्या कायद्यात कसं लिहिते याकडे आपण बारीक लक्ष द्यायला हवं. १९६७ च्या कराराचं बारावं कलम सांगतं की चंद्रावरची केंद्रं, आगाऊ कळवून आणि परस्पर तत्त्वावर, इतर देशांच्या प्रतिनिधींना खुली असली पाहिजेत. ते दार सुरक्षित क्षेत्राच्या नावाखाली बंद होऊ नये.

ध्रुवीय

आणि चीनचं काय? २०११ पासून दरवर्षी पैशाच्या कायद्यात एक कलम येतं, नासाला चीनशी थेट द्विपक्षीय काम करायला जवळजवळ बंदी. दोघांनाही चंद्राचा दक्षिण ध्रुवच हवाय. अंटार्क्टिकात शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत आणि अमेरिकी संशोधक एकमेकांच्या केंद्रांवर राहून काम करत. चंद्रावर एखाद्या तळाचा प्राणवायू संपत आला तर शेजारच्याला फोन करायला कायद्याची आडकाठी असावी? निदान संकटकाळासाठी सूट नावानिशी लिहून ठेवा. १९६८ च्या अंतराळवीर बचाव कराराची भावना तीच आहे.

नीलमोहर

ध्रुवीय यांना जोरदार +१. पूर्ण धाग्यातला मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला मुद्दा.

मृगशीर्ष

सगळं वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. कायदा हवा या मतावर मी ठाम आहे, मात्र त्यातलं कोणतं कलम तळाला तारेल याचं उत्तर मला जमाखर्च यांच्या १९९३ च्या गोष्टीत सापडतंय. ते एक मत पुरलं, पण पुढची वर्षं स्थानक कशाने टिकलं? रशियाला सोबत घेतलं, आणि २९ जानेवारी १९९८ ला पंधरा सरकारांनी करार केला. प्रत्येकाचा भाग त्याचा, त्यावर कायदा त्याचा, खर्चात वाटा सगळ्यांचा. त्यानंतर बंद करायचं तर चौदा देशांना तोंड द्यावं लागलं असतं. तळाच्या कायद्यात सरकारला असा करार करायला लावणारं कलम पहिलं हवं. नाव, तारीख, रॉकेट सगळं त्यानंतर.

भूमिपुत्र_९

हे मला मान्य होण्यासारखं आहे. वाटा अनेकांचा असेल तर विज्ञानाच्या पैशावरचा भारही हलका होईल. विरोध संपला असं समजू नका, पण हे कलम असलेला कायदा मी वाचायला घेईन.

रेगोलिथ

एक राहिलं, आणि ते कुणाला आवडत नाही म्हणून दर वेळी राहतं. बंद करायची वेळ आली तर?

अंतराळ स्थानक समुद्रात पाडायला नासाने जून २०२४ मध्ये वेगळ्या यानाचा ठेका दिला, तोही ८४ कोटी डॉलरपर्यंतचा. चंद्रावरचं काहीच आपोआप खाली पडत नाही आणि जळतही नाही. अणुभट्टी तिथेच राहणार. ज्या दिवशी भट्टीला मंजुरी मिळेल त्याच दिवशी ती विझवायची, झाकायची आणि तिच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी कुणाची आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून, हे कायद्यात यायला हवं. पन्नास वर्षांनी तिथे दुसऱ्या कुणाची मुलं राहत असतील.

कलम_बहाद्दर

रेगोलिथ, याला जुना दाखला आहे. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने साफसफाईपोटी ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. तिथे १९७२ चा नुकसानभरपाई करार कामी आला, कारण पृथ्वीवर झालेल्या नुकसानीला तो दोष न बघता जबाबदार धरतो. पृथ्वीबाहेर मात्र त्याच कराराचं तिसरं कलम लागू होतं, आणि तिथे समोरच्याचा दोष सिद्ध करावा लागतो. सोडून दिलेल्या भट्टीपाशी पन्नास वर्षांनी दोष कुणाचा, हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. त्यामुळे देशांतर्गत कायद्यातच 'आमच्या भट्टीची जबाबदारी आमची, दोष असो वा नसो' असं लिहून घ्यावं लागेल. १९९८ सारखा करार झाला तर त्यातही हेच वाक्य घालता येईल, आणि भागीदार देशांनी सहीआधी ते मागावं.